कलासंस्थांत सगळीकडे तीच ती माणसं का दिसतात? भरतीतल्या विविधतेबद्दल जरा नीट समजून घेऊ

विविधता म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोस्टर येतं. स्टेजवर, कॅटलॉगमध्ये, फेस्टिवलच्या फोटोंत निरनिराळे चेहरे दिसले म्हणजे झालं, असं वाटतं. मला इथे बोलायचंय ते पगारपत्रकाबद्दल. म्युझियम असो, नाट्यसंस्था असो, वाद्यवृंद असो नाहीतर साहित्य महोत्सव भरवणारा एखादा ट्रस्ट असो, तिथे पगार कोणाला मिळतो, कोण कोणाला निवडतं, यंदा कुठलं नाटक करायचं नि कुठलं प्रदर्शन भरवायचं हे कोण ठरवतं, आणि ही सगळी माणसं साधारण एकाच तऱ्हेच्या घरांतून आणि एकाच तऱ्हेच्या शाळाकॉलेजांतून आलेली का असतात, हा खरा प्रश्न आहे. याचं उत्तर "लोक कोत्या मनाचे आहेत" एवढ्यावर सोडून देता येत नाही. अगदी मोकळ्या मनाची, पुरोगामी विचारांची माणसं जिथे बसलीत तिथेही हेच होतं, कारण हा प्रकार मनापेक्षा जास्त भरतीच्या रीतीत, पैशात आणि वेळेत अडकलेला आहे. आणि म्हणूनच तो सुधारता येतो असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण मनं बदलायला पिढ्या लागतात पण रीत पुढच्या जाहिरातीपासून बदलता येते.

या विषयात सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं उदाहरण आहे अमेरिकेतल्या सिंफनी ऑर्केस्ट्रांचं, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदांचं, म्हणून तिथूनच सुरू करते.

तिथे पूर्वी जागा रिकामी झाली की कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, आपल्या ओळखीतल्या नामांकित गुरूंना विचारायचा, गुरू आपले दोनचार शिष्य पाठवायचे आणि त्यातला एक घेतला जायचा. लग्नाची स्थळं जशी ओळखीतून यायची ना, तशा या नोकऱ्या. गुरू पुरुष, शिष्यही बहुतेक पुरुषच. बायकांचा आवाज वाद्यात कमी पडतो, त्या दौऱ्यांना टिकत नाहीत, अशी मतं मोठमोठे कंडक्टर उघडपणे बोलून दाखवायचे. मग १९५२ साली बोस्टन सिंफनीने उमेदवार आणि परीक्षक यांच्या मध्ये चक्क पडदा टांगला, आणि पुढे ७०-८० च्या दशकांत बाकीच्या बऱ्याच ऑर्केस्ट्रांनी ती रीत उचलली. जागेची जाहिरात सगळ्यांसाठी उघडी, नावाऐवजी नंबर, आणि पडद्यामागून फक्त वाजवायचं, बोलायचंही नाही. तरी एक गोष्ट फुटायचीच, ती म्हणजे चालण्याचा आवाज. टाचांचे बूट टकटक वाजले की परीक्षकांना कळायचं बाई आली. म्हणून कुठे स्टेजवर गालिचा अंथरला गेला, तर कुठे बाईला बूट काढून यायला सांगायचे आणि ऑर्केस्ट्राचा व्यवस्थापक तिच्या सोबत स्वतःचे बूट वाजवत चालायचा, म्हणजे पलीकडे ऐकणाऱ्याला पुरुष येतोय असं वाटावं. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण पक्षपात करत नाही असं मानणाऱ्या तज्ज्ञ कानांना बुटाच्या आवाजापासूनही दूर ठेवावं लागलं, आणि त्यांनी ते मान्य केलं.

क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउस या दोन अर्थतज्ज्ञांनी जुन्या ऑडिशनच्या नोंदी खणून काढून २००० साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या पहिल्या पाच ऑर्केस्ट्रांत १९७० मध्ये बायका होत्या साधारण ५ टक्के, १९९७ पर्यंत त्या २५ टक्क्यांवर गेल्या. यातलं पडद्यामुळे नेमकं किती झालं यावर पुढे संख्याशास्त्राच्या लोकांनी शंका काढल्या, नमुना लहान आहे म्हणाले, आणि त्या शंका रास्तच आहेत, शिवाय त्याच काळात संगीताचं उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलीही वाढल्या होत्या. पण बायकांचं प्रमाण वाढलं हे कोणी नाकारलेलं नाही. २०२२ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये बायका ४५ आणि पुरुष ४४ अशी स्थिती आली. आणि जिथे बायकांना सदस्य न करायची रीत बदलली नाही तिथे काय झालं? व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये आना लेल्केस ही हार्प वाजवणारी कलाकार १९७० च्या दशकापासून सोबत वाजवत होती, पण सदस्य म्हणून तिला घेतलं थेट १९९७ मध्ये, तेही अमेरिका दौऱ्याच्या तोंडावर निषेध सुरू झाले तेव्हा. वीसहून जास्त वर्षं. ती उत्तम वाजवते हे रोज शेजारी बसून ऐकणाऱ्यांना माहीत होतं, म्हणजे अडचण तिच्या कलेची कधीच नव्हती.

इथपर्यंत वाचून वाटेल की झालं की मग, सगळीकडे पडदे लावा, नावं झाका, प्रश्न सुटला. बऱ्याच लेखांत ही गोष्ट इथेच संपते. पण पुढचा भाग जास्त शिकवून जातो.

त्याच न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये १९६९ साली एक कृष्णवर्णीय वादक होता, आणि २०२० मध्येही एकच होता, क्लॅरिनेट वाजवणारे अँथनी मॅकगिल. अर्धं शतक गेलं, मधे पडदा लागला, बायका जवळपास निम्म्या झाल्या, आणि हा आकडा जागचा हलला नाही. देशभरातल्या ऑर्केस्ट्रांचं २०१४ चं चित्र बघितलं तर कृष्णवर्णीय वादक २ टक्क्यांच्याही खाली. मग पडद्यात काय कमी पडलं?

कमी हे पडलं की पडदा फक्त त्या पाचदहा मिनिटांच्या वादनावर पडतो. त्याच्या आधीची पंधरा वर्षं आणि नंतरची दोन वर्षं उघडीच राहतात. आधी काय लागतं बघा: लहानपणापासून शिक्षक, चांगलं व्हायोलिन किंवा चेलो ज्याची किंमत गाडीएवढी, कधीकधी घराएवढी, उन्हाळी शिबिरं, नामांकित कॉलेज, आणि मग देशभर फिरून ऑडिशन देणं, जिथे विमानाचं तिकीट, हॉटेल, सगळं उमेदवाराच्या खिशातून, आणि एक ऑडिशन देऊन कोणाला नोकरी लागत नाही, पंधरावीस द्याव्या लागतात. डबल बास वाजवणाऱ्याला तर वाद्याचाही प्रवासखर्च. नंतर काय लागतं? निवड झाल्यावर वर्षदोन वर्षांचा प्रोबेशन असतो आणि पक्कं करायचं की नाही हे सहकारी आणि कंडक्टर ठरवतात, तिथे कुठलाच पडदा नसतो, तिथे "आमच्यात जमतंय का" हे बघितलं जातं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती बदली वादकांची. १९६९ मध्ये दोन कृष्णवर्णीय वादकांनी, चेलोवादक अर्ल मॅडिसन आणि बासवादक आर्ट डेव्हिस यांनी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे भेदभावाची तक्रार केली होती. त्या दोघांच्या कायम जागेच्या बाबतीत भेदभाव झाला असं आयोगाने म्हटलं नाही. पण बदली आणि जादा वादक ज्या पद्धतीने बोलावले जातात त्यात भेदभाव आहे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कारण तिथे ना जाहिरात, ना पडदा. कोणी आजारी पडलं की फोन जायचा तो आपल्या शिष्याला, मित्राला, ओळखीच्याला. आणि बदलीचं काम म्हणजे अनुभव, ओळख, त्यावरून पुढचं काम. म्हणजे समोरचं दार कितीही न्याय्य केलं तरी मागच्या दाराने रोज माणसं आत येत असतील तर संस्थेचा चेहरा मागचं दारच ठरवतं.

आता हेच जरा आपल्याकडे लावून बघा. मराठी नाटकाच्या धंद्यात किती कामं जाहिरातीने भरली जातात? जवळजवळ नाहीच. "एक पोरगा हवाय लाइट्सला", "म्युझिक ऑपरेट करायला कोणी आहे का", "प्रोडक्शनला कोणीतरी धावपळ करणारी मुलगी बघ ना", असे मेसेज व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पडतात आणि तासाभरात माणूस ठरतो. त्या ग्रुपमध्ये कोण असतं, तर ज्यांनी कॉलेजात एकांकिका केल्या ते. एकांकिका कोण करतं, तर ज्या कॉलेजांत नाट्यमंडळ आहे, जिथे जुने विद्यार्थी येऊन बसवतात, आणि ज्यांना घरून रात्री अकरापर्यंत बाहेर राहायची मुभा आहे ते. कोणी ठरवून कोणाला बाहेर ठेवत नाही. पण चारपाच वर्षांनी ग्रुप बघितला तर तीच आडनावं, तेच तीन एरिया, तीच चार कॉलेजं.

ब्रिटनमध्ये यावर वर्गाच्या बाजूने बरंच काम झालंय. तिथे संस्था आपल्या कर्मचाऱ्यांना एक प्रश्न विचारतात, आणि तो प्रश्न मला फार आवडतो कारण तो साधा आहे: तुम्ही १४ वर्षांचे असताना घरात सगळ्यात जास्त कमावणारं माणूस काय काम करायचं? आज तुम्ही किती कमावता हे नाही, तुम्ही कुठून निघालात हे. ओरियन ब्रूक, डेव्हिड ओब्रायन आणि मार्क टेलर या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या आकड्यांत संगीत, रंगभूमी आणि दृश्यकला या क्षेत्रांत कष्टकरी घरांतून आलेले लोक साधारण १८ टक्के निघाले, तर एकूण लोकसंख्येत त्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश होता. चित्रपट-टीव्ही आणि प्रकाशन व्यवसायात तर १२-१३ टक्केच. आणि अजून एक गोष्ट त्यात पुढे आली, या क्षेत्रातल्या बहुतेकांनी कधी ना कधी फुकट काम केलेलं होतं. पण फुकट काम करणं सगळ्यांना सारखं पडत नाही. ज्याच्या घरी कोणी भाडं भरणारं आहे त्याला ते तीन महिने अनुभव म्हणून आठवतात, आणि ज्याच्या घरी नाही तो मुळात अर्जच करत नाही. त्यामुळे संस्थेला वाटतं आमच्याकडे तसे अर्जच येत नाहीत. येणार कसे?

म्युझियमचं चित्रही बघू. अमेरिकेत मेलन फाउंडेशनने २०१५ मध्ये कला संग्रहालयांतल्या कर्मचाऱ्यांची गणना केली. क्युरेटर (संग्रह आणि प्रदर्शनं ठरवणारे), संवर्धक, शिक्षण विभाग आणि नेतृत्व या जागांवर ८४ टक्के लोक गोरे होते, कृष्णवर्णीय फक्त ४ टक्के. पण सुरक्षा, देखभाल या कामांत चित्र वेगळं होतं, तिथे बिगर-गोऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त. म्हणजे एकूण आकडा सांगितला की संस्था बरी दिसते, आणि खात्यानुसार फोडला की कळतं विविधता दाराशी उभी आहे आणि खुर्चीत नाही. अशी गणना जाहीर झाल्यावर हालचाल झाली. २०१९ मध्ये तिथल्या कला संग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने ठराव केला की इंटर्नशिप पगारी असावी, आणि २०२२ च्या गणनेपर्यंत एकूण कर्मचाऱ्यांत बिगर-गोऱ्यांचा वाटा २७ वरून ३६ टक्क्यांवर गेला. हळू आहे, पण मोजलं म्हणून हललं.

आपल्याकडे ही दाराशी आणि खुर्चीत वाली दरी जातीच्या रेषेवर पडते, आणि हे स्पष्ट बोललं पाहिजे. तमाशा, लावणी, जलसा, शाहिरी, या कला ज्या समाजांनी पिढ्यानपिढ्या जगवल्या, त्यातले बहुतेक दलित, भटके-विमुक्त आणि इतर कष्टकरी समाज. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आज लोककला महोत्सवांत लावणीचा कार्यक्रम नसेल तर महोत्सव पूर्ण वाटत नाही. पण त्या महोत्सवाच्या निवड समितीत कोण असतं? मानधन किती हे कोण ठरवतं, त्यावर पुस्तक कोण लिहितं, अभ्यासक म्हणून टीव्हीवर कोण बसतं? सरकारी संग्रहालयं, अकादम्या, संचालनालयं इथे आरक्षण लागू आहे त्यामुळे निदान नोकरीचं एक कायदेशीर दार आहे. खासगी ट्रस्ट, गॅलऱ्या, नाट्यसंस्था, फेस्टिवल कंपन्या यांना ते लागू नाही, आणि हल्ली कलाक्षेत्रातल्या नव्या नोकऱ्या बऱ्याचशा तिथेच तयार होतायत. म्हणून "आमच्या कार्यक्रमात सगळे समाज असतात" हे उत्तर मला अपुरं वाटतं. कार्यक्रमात असणं आणि कार्यक्रम ठरवणाऱ्यांत असणं यात फार अंतर आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो पण मिळतच नाहीत तशी माणसं, आम्ही तयार आहोत." हे उत्तर नवीन नाही. दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्रसाठी तारामती करायला बाई मिळेना, जाहिराती देऊनही मिळेना, शेवटी ती भूमिका साळुंके नावाच्या, हॉटेलात काम करणाऱ्या तरुणाने केली. बायका या कामाला मिळतच नाहीत, असंच तेव्हा कोणीही म्हणालं असतं. पण त्यानंतरच्याच मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई दोघी होत्या. त्या कुठे होत्या आधी? फिरत्या नाटक मंडळीत काम करत होत्या, पोटासाठी. म्हणजे माणसं होती, आपली जाहिरात जिथे पोचत होती तिथे नव्हती. रंगभूमीवर तर बायकांची कामं पुरुषांनी करणं ही परंपराच मानली जायची, तीही इतक्या उंचीची की बालगंधर्वांचं नाव आजही निघतं, आणि तरी १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने आंधळ्यांची शाळा हे नाटक आणलं तेव्हा ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि नाटकाचं काही बिघडलं नाही, उलट मराठी नाटकाला नवा काळ सुरू झाला असं आपणच आता अभिमानाने सांगतो.

तर मग करायचं काय. एखादी मध्यम संस्था डोळ्यांसमोर आणा, दहापंधरा पगारी माणसं, थोडं अनुदान, थोडी देणगी.

आधी गेल्या तीनचार वर्षांत आलेली माणसं नेमकी कशी आली हे कागदावर लिहून काढायचं. कोणी सुचवलं, जाहिरात कुठे होती, पहिलं काम फुकट होतं का. हा कागद बघूनच निम्मी गोष्ट कळते. मग कर्मचाऱ्यांना नाव न टाकता भरायचा छोटा फॉर्म द्यायचा. आपल्याकडे त्यात १४ वर्षांच्या प्रश्नाबरोबर शाळेचं माध्यम, घरातले पहिलेच पदवीधर आहात का, जिल्हा, जातप्रवर्ग, दिव्यांगत्व असे प्रश्न असावेत आणि प्रत्येक प्रश्नाला "सांगायचं नाही" हा पर्याय हवाच. आठ माणसांच्या संस्थेत असा फॉर्म गुप्त राहत नाही हेही लक्षात ठेवायला हवं, मग तिथे आकडे काढण्यापेक्षा शांतपणे बोललेलं बरं. जात विचारायची म्हटलं की लोक दचकतात, विचारणंच जातीयवादी आहे म्हणतात. पण आडनावावरून ती ओळखून मनात नोंद करणं रोज चालूच असतं, न विचारल्याने ते थांबत नाही, फक्त मोजता येत नाही.

मग जाहिरात. नेहमीची जाहिरात कशी असते बघा: "प्रोग्रॅम असोसिएट पाहिजे. कलेतिहास किंवा साहित्यात एम.ए., उत्तम इंग्रजी, किमान ३ वर्षं अनुभव, कलाक्षेत्रात चांगला संपर्क, मानधन चर्चेनुसार." आता या कामात रोज काय करायचंय? कलाकारांना फोन, प्रवासाचं बुकिंग, हॉलच्या परवानग्या, बिलं, कार्यक्रमाच्या दिवशी धावपळ, दोन पानी अहवाल. यातल्या कशाला एम.ए. लागतं? "चांगला संपर्क" मागणं म्हणजे तर आधीच आत असलेल्यांनाच बोलावणं. हीच जाहिरात अशी लिहिता येते: "वर्षाला साधारण १२ कार्यक्रमांचं नियोजन करायचंय. लोकांशी नीट बोलता येणं, हिशेब ठेवता येणं, मराठीत स्वच्छ लिहिता येणं आवश्यक. इंग्रजी ईमेल वाचता आला तर पुरे, बाकी आम्ही शिकवू. गणेशमंडळ, जत्रा, कॉलेज, भजनी मंडळ, कुठेही कार्यक्रम उभा केला असेल तर तो अनुभव धरू. पगार महिना इतका. महिन्यात चारपाच दिवस रात्री उशीर, त्या दिवशी घरी सोडायची सोय." आणि इथे पगाराचा आकडा खरोखर छापायचा, कारण "चर्चेनुसार" लिहिलं की ज्याला घासाघीस करायची सवय आहे आणि ज्याला आहे त्यावर थांबता येतं त्याचाच फायदा होतो. मग ही जाहिरात फेसबुकवर आपल्याच दोनशे मित्रांना दाखवून थांबायचं नाही, जिल्ह्याच्या कॉलेजांतल्या मराठी विभागांना, समाजकल्याणच्या वसतिगृहांना, आयटीआयला, लोककलावंतांच्या संघटनांना पाठवायची. नेपथ्याला, लाइट्सला आयटीआयची सुतारकाम आणि इलेक्ट्रिशियन झालेली मुलंमुली का चालू नयेत हे मला खरंच कळत नाही.

निवडीत पडद्याचा धडा जमेल तितका वापरायचा. अर्जांच्या पहिल्या चाळणीत आडनाव, कॉलेज, पत्ता झाकायचा, महाराष्ट्रात तर आडनाव झाकलं तरी बराच फरक पडावा. मुलाखतीला सगळ्यांना तेच प्रश्न, आणि शक्य असेल तर छोटं काम करून घ्यायचं, उदाहरणार्थ एका कार्यक्रमाचं बजेट मांडायला द्यायचं, आणि त्या वेळेचे पैसे द्यायचे. परीक्षकांनी गुण आधी आपापले लिहायचे आणि मगच चर्चा करायची, नाहीतर सगळ्यात ज्येष्ठ माणूस "मला ती पहिली मुलगी आवडली" म्हणतो आणि विषय संपतो. आणि "आपल्यात बसेल का" हा निकष काढूनच टाकायचा. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की ती आपल्यासारखं बोलते का.

पण पडद्याने सगळं होत नाही हेही आपण बघितलं, त्यामुळे पैसा आणि वेळ इथे हात घालावाच लागतो. अमेरिकेत १९९७ पासून स्फिंक्स ही संस्था कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वादकांना लहानपणापासून घडवते, आणि २०१८ मध्ये तिने न्यू वर्ल्ड सिंफनी आणि ऑर्केस्ट्रांच्या संघटनेबरोबर मिळून ऑडिशनचा प्रवासखर्च, मार्गदर्शन, सरावाची ऑडिशन अशी मदत सुरू केली. थेट खर्चावर बोट ठेवलं, भाषण दिलं नाही. आपल्याकडे याचं छोटं रूप म्हणजे मुलाखतीला येणाऱ्याला एसटीचं किंवा रेल्वेचं भाडं देणं, आणि इंटर्नला निदान खोलीभाडं निघेल एवढं विद्यावेतन देणं. चार फुकट इंटर्न घेण्यापेक्षा एक पगारी घ्या, काम कमी झालं तर कार्यक्रम कमी करा.

वेळेचं तर मुंबईत रोज दिसतं. तालीम साडेनऊला संपते, मग सगळे खाली टपरीवर चहाला थांबतात, आणि पुढच्या नाटकाचं, कोणाला काय द्यायचं याचं बोलणं तिथेच होतं. ज्या मुलीला बदलापूरची लोकल धरायचीय ती बॅग उचलून निघते, कारण स्टेशनवरून पुढे रिक्षा मिळायची असते. तिला कोणी वगळलं नाही. पण सहा महिन्यांनी असिस्टंट डायरेक्टर कोण, तर जो टपरीवर असायचा तो. त्यावर उपाय म्हणजे कामाचं बोलणं तालमीच्या वेळेत करायचं आणि ठरलेलं ग्रुपवर लिहून टाकायचं, एवढाच.

दिव्यांग सहकाऱ्यांच्या बाबतीत गंमत नाही, चीड यावी असं चित्र असतं. प्रेक्षकांसाठी पुढे रॅम्प असतो, पण विंगेत, मेकअप रूममध्ये, लाइटच्या केबिनमध्ये जायला पायऱ्याच पायऱ्या, म्हणजे दिव्यांग माणसाने नाटक बघावं, करू नये, असंच गृहीत धरलेलं. लंडनमध्ये १९८० मध्ये सुरू झालेली ग्रेआय ही नाट्यसंस्था दिव्यांग कलाकारांच्या नेतृत्वाखाली चालते, व्यावसायिक दर्जाची कामं करते. तिकडे कलाकार करार करतानाच एक पानभर कागद देतो, त्याला अॅक्सेस रायडर म्हणतात, त्यात लिहिलेलं असतं की मला स्क्रिप्ट मोठ्या अक्षरात लागते, सलग दोन तासांवर तालीम नको, सांकेतिक भाषेचा दुभाषी लागेल वगैरे. प्रत्येक नव्या ठिकाणी संकोचत पुन्हा सांगत बसावं लागत नाही. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण दिलंय आणि खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलंय. असा एक पानी कागद मागायला मात्र कुठल्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

आता दर्जाचं. "कलेत आरक्षण कसलं, इथे फक्त मेरिट" हे वाक्य ऐकलं नाही असा कलाक्षेत्रातला माणूस नसेल. मला मेरिटबद्दल पूर्ण आदर आहे, आणि म्हणूनच वाटतं की जी रीत मेरिट मोजण्याआधीच ओळखीने, भाड्याने आणि लोकलच्या वेळेने माणसं गाळते ती मेरिटची रीत नाही. पडदा लावल्यावर ऑर्केस्ट्रा बिघडले नाहीत. कलासंस्थांना सरकारी अनुदान देणाऱ्या इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने २०११ पासून विविधता हा कलेच्या दर्जाचाच भाग आहे अशी भूमिका घेतली, आणि २०१४ च्या अखेरीस त्यांच्या अध्यक्षांनी, पीटर बॅझलजेट यांनी, प्रगती दिसली नाही तर अनुदानावर परिणाम होईल असं स्पष्ट सांगितलं. कर्मचाऱ्यांचे आकडे दरवर्षी जाहीर होतात. आपल्याकडे नाटकांना, संस्थांना, महोत्सवांना सरकारी अनुदान मिळतं, कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीसाठी ठेवलेला, पैसा येतो. देणाऱ्याने अर्जात एवढंच विचारलं, की तुमच्या पगारी जागा किती, त्या कशा भरल्या, इंटर्नला किती देता, तरी खूप संस्था स्वतःहून कामाला लागतील.

आणि आलेलं माणूस टिकायचं असेल तर त्याला एकटं आणू नका. एकटा माणूस प्रत्येक मीटिंगमध्ये आपल्या समाजाचा प्रतिनिधी होऊन बसतो, चुकला तर "बघा, म्हटलं होतं ना" होतं, आणि दोन वर्षांत तो दमून निघून जातो, मग संस्था म्हणते आम्ही प्रयत्न करून बघितला. दोघंतिघं एकदम घ्या, त्यातल्या निदान एकाच्या हातात बजेट द्या, आणि विश्वस्त मंडळातही बाहेरची माणसं आणा, कारण तिथली नावं वर्षानुवर्षं हलत नाहीत.

शेवटी एक गोष्ट जी छोट्या ग्रुपना माहीतच नसते. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नाटकाच्या ग्रुपला, फेस्टिवलला, गॅलरीलाही लागू आहे, आणि त्यात फक्त पगारी कर्मचारी धरलेल्या नाहीत, कंत्राटी, शिकाऊ आणि मानधन न घेता काम करणाऱ्या स्वयंसेवक मुलीही धरल्यात. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती नेमावीच लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. त्या समितीचा फोन नंबर तालमीच्या हॉलमध्ये लावून ठेवा, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवा.